अणू आतून रिकामा असतो, मग न्यूट्रॉन तारा एवढा घन कसा? त्याचा एक चमचा पृथ्वीवर आणला तर?

'अणू आतून रिकामा' वाचलं आणि राहवलं नाही, कारण ह्याच वाक्यावरून आमच्या दाजींनी खानापुरात भर गणपतीत माझी पार फजिती केली होती.

मी तेव्हा बेळगावात पीयूसी सायन्सला (म्हणजे अकरावी-बारावी), नवीन नवीन वाचलेलं, जेवणं झाल्यावर सोप्यात बसून सगळ्यांना सांगत होतो की अणूचं वजन सगळं मधल्या केंद्रकात, बाकी जागा जवळजवळ रिकामीच. दाजी सेंट्रिंगची कामं घेतात. ते उठले, माझं मनगट धरलं आणि "रिकामं हाय न्हवं, मग घाल की हात आरपार" म्हणत गणपतीसाठी नुकताच डिस्टेंपर मारलेल्या भिंतीवर माझा पंजा दाबला. पंजा पिवळा, मावश्या लोळायच्या बाकी, आणि मला काही उत्तर सुचेना. अजून कुणाच्या लग्नात भेटले की "काय शास्त्रज्ञ, गेला का हात" सुरूच.

तर दाजी, ऐका आता. एका अवस्थेत दोन इलेक्ट्रॉन बसत नाहीत, हा पाउलीचा 1925 चा नियम. दाबून जवळ आणायला गेलं की त्यांना जास्त ऊर्जेच्या अवस्थेत जावं लागतं, म्हणून ते उलटा जोर लावतात. भिंत भिंत राहते ती ह्याच्यामुळं, नुसत्या विद्युत बलावर भागत नाही, हे 1967 मध्ये डायसन आणि लेनार्डनी गणितानं सिद्ध केलंय.

ताऱ्यात हेच मोडतं. मोठ्या ताऱ्याच्या पोटातला लोखंडाचा गाभा वजनानं सूर्याच्या साधारण 1.4 पट झाला, म्हणजे चंद्रशेखर मर्यादेपाशी (इलेक्ट्रॉनचा जोर जास्तीत जास्त पेलू शकतो त्या वजनापाशी) आला, की इलेक्ट्रॉनचा जोर कमी पडतो, ते प्रोटॉनशी एक होऊन न्यूट्रॉन बनतात, न्यूट्रिनो नावाचे अगदी हलके कण निसटून जातात आणि इलेक्ट्रॉननी अडवलेली जागाच उरत नाही. मग सूर्यापेक्षा जड माल 24 किलोमीटरच्या आसपास व्यासात मावतो, हाच न्यूट्रॉन तारा, बेळगावातनं निघालात तर खानापूर यायच्या आत तारा संपला. चमचाभर म्हणजे 200 कोटी टनांच्या घरात. तुमच्याकडं पण असा कोण दाजी असेल तर भिंतीजवळ बसूच नका, थेट चंद्रशेखरांपासून सुरू करा.

हां, एक राहिलं. मी पाउली पाउली करतोय खरा, पण न्यूट्रॉन ताऱ्याला एकटा पाउली पुरत नाही. 1939 मध्ये ओपेनहायमर आणि व्होल्कॉफनी तेवढाच नियम धरून हिशोब केला तर न्यूट्रॉन ताऱ्याच्या वजनाची मर्यादा सूर्याच्या 0.7 पटच आली, आणि प्रत्यक्षात 2 पटीचे तारे मोजलेत. न्यूट्रॉन फारच जवळ आले की केंद्रकीय बल त्यांना लांब ढकलतं, बाकीचा भार त्याच्यावर. आणि वरच्या कवचात लोखंडासारखी केंद्रकं पण असतात, सगळेच न्यूट्रॉन नव्हेत.

चमचा आणायचं तेवढं डोक्यातनं काढा. ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाचा दाब गेला की तो माल जागच्या जागी स्फोट होऊन पसरणार, सुटे न्यूट्रॉन तर सरासरी 15 मिनिटांत मोडतात, तेव्हा व्हिडिओत दाखवतात तसं जमिनीला भोक पाडत खाली जायला चमच्यात काही राहणारच नाही.