असेम्बल्ड कॉम्प्युटर घ्यावा की ब्रँडेड? आणि डब्याच्या आत नेमकं काय चालतं, सोप्या भाषेत सांगाल का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मुलगी अकरावीला गेली, घर नाशकातच आहे आणि घरचे म्हणतात, ‘असेम्बल्ड म्हणजे डुप्लिकेट माल, कंपनीचाच घ्या.’ हे डुप्लिकेट प्रकरण आधी मिटवतो. माझा धंदाच सुटे पार्ट आणून डबे जोडायचा (तेच असेम्बल्ड) आणि दुरुस्तीचा, आणि हे वाक्य मी वर्षानुवर्षं घरातच ऐकत आलोय, आमच्या साडूंच्या तोंडून.

आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ ला पहिला पीसी जाहीर केला. आज दुकानात दिसणारे जवळपास सगळे विंडोजवाले डेस्कटॉप त्याच्याच वंशातले. तर तो मूळपुरुषच असेम्बल्ड होता! प्रोसेसर इंटेलचा, ८०८८, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. डॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. फ्लॉपी ड्राइव्ह टंडन कंपनीचे, म्हणजे भारतातून तिकडे गेलेल्या जुगी टंडन यांच्या कंपनीचे. सोबत विकलेला प्रिंटर एप्सनचा, वर आयबीएमचं लेबल. एवढ्या मोठ्या कंपनीने असं का केलं? घाई. ॲपल टू १९७७ पासून विकला जात होता, आणि आयबीएमच्या नेहमीच्या पद्धतीने सगळं घरात बनवायचं म्हटलं तर वर्षं गेली असती. फ्लोरिडात बोका रॅटनला डॉन एस्ट्रिज यांच्या टीमला साधारण वर्षभराची मुदत मिळाली. मग त्यांनी बाजारात तयार मिळतं ते आणलं आणि जोडलं. मीही तेच करायचो. सकाळी नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस, दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात खरेदी आणि संध्याकाळी त्याच पंचवटीने मांडीवर मॉनिटरचं खोकं घेऊन परत.

आयबीएमचं खास स्वतःचं म्हणावं असं त्यात मुख्यतः बायोस होतं, म्हणजे बटण दाबल्यावर मशीन जागं करणारा चिपमधला प्रोग्राम. त्याचंही लिस्टिंग, ओळ न् ओळ, त्यांनी टेक्निकल मॅन्युअलमध्ये छापून टाकलं. कॉपीराइट असल्यामुळे ते जसंच्या तसं उचलता येत नव्हतं. कॉम्पॅक नावाच्या कंपनीने डोकं लावलं: एका गटाने मूळ वाचून ‘हे काय काय करतं’ एवढंच लिहून काढायचं आणि मूळ कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्यावरून नवं बायोस लिहायचं. १९८३ मध्ये त्यांचा ‘पोर्टेबल’ विकायला लागला, वजन साडेबारा किलोच्या आसपास. १९८४ मध्ये फिनिक्स नावाच्या कंपनीने तसंच बायोस कुणालाही विकायला काढलं आणि दारं उघडली. इंटेलच्या पुढच्या, ३८६ प्रोसेसरचा पीसी तर कॉम्पॅकने १९८६ मध्ये आयबीएमच्या आधी आणला. आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/टू नावाचे नवे पीसी काढून दारं पुन्हा लावायचा प्रयत्न केला, त्यातल्या मायक्रो चॅनेल या कार्ड खोचायच्या नव्या पद्धतीसाठी परवाना घ्या म्हणून. बाकीच्यांपैकी नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन आपला वेगळा मार्ग काढला. शेवटी २००५ मध्ये आयबीएमने पीसीचा धंदाच लेनोवोला विकला. आता यात ओरिजिनल कोण आणि डुप्लिकेट कोण, ते आमच्या साडूंनी सांगावं.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो, माउस-कीबोर्ड तुम्हाला माहीतच असणार. प्रोसेसरला लोक मेंदू म्हणतात, मला ते पटत नाही. तो समोर आलेला कागद वाचून शिक्का मारणारा कारकून आहे. रॅममधून, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीतून, एक सूचना उचलायची, ती पाळायची, पुढची उचलायची. बेरीज कर, हा आकडा तिथे ठेव, तो मोठा असेल तर अमुक ठिकाणी उडी मार. बस. सेकंदाला अब्जावधी वेळा करतो म्हणून आपल्याला तो हुशार वाटतो. रॅममधलं वीज गेली की पुसलं जातं, म्हणून डिस्क लागते. मग सुरुवातीला, रॅम रिकामी असताना पहिली सूचना येते कुठून? मदरबोर्डवरच्या एका चिपमधून, तेच ते बायोस. ८०८८ ला १ एमबीपर्यंतचेच पत्ते, म्हणजे मेमरीतल्या जागांचे नंबर, कळायचे आणि तो सुरू झाला की शेवटाला १६ बाइट उरतात त्या पत्त्यावर जाऊन बघायचा. आजचाही प्रोसेसर सुरू होताना असा ठरलेला पत्ताच गाठतो. तिथून बायोस रॅम, डिस्प्ले, कीबोर्ड तपासतं, डिस्कवरून ऑपरेटिंग सिस्टिम रॅममध्ये आणवतं आणि बाजूला होतं.

पण या सगळ्याच्या आधी वीज. प्रोसेसरची जाहिरात होते, एसएमपीएसची, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या खोक्याची, कुणी करत नाही, आणि माझ्या टेबलावर येणारे निम्मे डबे त्याच्यापायी येतात. हा भिंतीतल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करतो. प्रत्येकाच्या तारेचा रंग ठरलेला: पिवळी १२, लाल ५, नारंगी ३.३, काळी ग्राउंड. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स नावाचं माप ठरवून दिलं, त्यात बोर्डाची भोकं कुठे, प्लगच्या कुठल्या पिनेवर काय, सगळं आलं. म्हणून तर कुणाचाही एसएमपीएस कुणाच्याही बोर्डाला चालतो.

चालायला हवा, असं म्हणू.

आमच्या साडूंनी लोडशेडिंगच्या त्या वर्षांत एका नावाजलेल्या कंपनीचा सेकंडहँड पीसी घेतला, सिडकोतल्या घरी. मी बांधून देतो म्हटलं होतं, तर चारचौघांत म्हणाले, ‘तुमच्या त्या जोडलेल्या डब्याचा काय भरवसा?’ एका मे महिन्यात बटण दाबलं तर पंखा नाही, दिवा नाही, बीप नाही. कंपनीचा माणूस आला, झाकण न काढता ‘मदरबोर्ड गेला’ म्हणाला आणि जो आकडा सांगितला त्यात मी तेव्हा अख्खा नवा डबा उभा केला असता. फोन मला ताईंचा, म्हणजे साडूंच्या बायकोचा आला, साडूंचा नाही.

झाकण काढलं. एसएमपीएसचा प्लग दिसायला नेहमीचा, वीस पिनांचा, खटकासुद्धा तोच. दुसरा एसएमपीएस लावून बघायच्या आधी तारांचे रंग बघायची माझी सवय. पहिल्या पिनेवर नारंगी हवी तिथे लाल! मीटर लावला तर प्लगची अर्धी मांडणीच वेगळी. म्हणजे बाजारातला कुठलाही चांगला एसएमपीएस त्यात आरामात बसणार आणि चालू केला की बोर्डाला पहिल्या पिनेवर ५ च्या जागी ३.३ व्होल्ट आणि बाकीच्या कित्येक पिनांवर भलतंच काही जाणार. हे कुणाच्या हातून चुकून होत नाही. वेगळं करायचं होतं तर प्लगचा आकार वेगळा करायचा होता ना! आकार तोच ठेवून आतून तारा फिरवल्या, म्हणजे गिऱ्हाईक आमच्याकडेच आलं पाहिजे.

मग बोर्ड बाजूला ठेवून मूळ एसएमपीएसच तपासला. एटीएक्समध्ये बटण दाबायच्या आधीपासून एक तार जिवंत असते, जांभळी, स्टँडबायचे ५ व्होल्ट. बटण दाबलं की त्याच जिवावर बोर्ड मुख्य पुरवठा सुरू करायला सांगतो. ह्याची ती तार शोधून मीटर लावला तर जेमतेम साडेतीन. एसएमपीएस उघडला. (हे घरी करू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या पार्टमध्ये, ३०० च्या वर व्होल्ट साठून राहू शकतात.) आत पिवळट डिंकाच्या आड, हीटसिंकला, म्हणजे उष्णता खेचून घेणाऱ्या पत्र्याला, अगदी चिकटून बोटाच्या पेराएवढा एक कपॅसिटर, डोकं फुगलेलं आणि बुडाशी तपकिरी ओघळ सुकलेला. गरम पत्र्याशेजारी त्याला बसवणारा इंजिनियरही कंपनीचाच. चांगल्या प्रतीचा नवा आणला, तो काही रुपयांना मिळतो, टाके मारले आणि मशीन चालू. मदरबोर्ड ठणठणीत होता.

साडूंनी चहा पाजला, नाही असं नाही. पुढच्याच आठवड्यात नाशिकरोडला एका लग्नाच्या पंगतीत मी ऐकलं, ते शेजाऱ्याला सांगत होते, ‘कंपनीचा पीस तो कंपनीचा पीस हो. बंद पडला होता, पण बघा, पुन्हा उभा राहिला!’

तर तुमच्या मुलीसाठी. असेम्बल्डच घ्या. १६ जीबी रॅम, ऑपरेटिंग सिस्टिम एसएसडीवर, म्हणजे आत काही न फिरणाऱ्या वेगवान डिस्कवर. फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज टाकून देणाऱ्या दुकानदाराला सरळ नमस्कार करून बाहेर पडा. अकरावी-बारावीला सगळ्यात महागड्या प्रोसेसरची गरज नाही, मधला पुरतो, आणि गेम खेळायचे नसतील तर वेगळं ग्राफिक्स कार्डही नको. वाचलेले पैसे एसएमपीएसमध्ये घाला. कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस हातात घेऊन बघा, पोकळ आणि हलका लागतो. यूपीएस घ्याच.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी साडूंसारखाच झालो. असेम्बल्डमध्ये प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी, म्हणून जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर पार्टचे सिरियल नंबर लिहून घ्या. विंडोज बऱ्याच ठिकाणी ‘टाकून देतो’ म्हणतात, ते चोरीचं असतं. लायसन्सचे पैसे हिशोबात धरले की किमतीतला फरक खूपच कमी होतो. ज्यांना बंद पडल्यावर फक्त एक नंबर फिरवायचाय, ऑफिसात असे वीस-तीस डबे आहेत, त्यांनी ब्रँडेड घ्यावा, मी स्वतः त्यांना तोच सुचवतो. आणि प्लगच्या तारा फिरवणं सगळ्याच कंपन्या करत नाहीत, पण घेण्याआधी ‘यात बाजारातला एसएमपीएस बसतो का’ एवढं विचारा.

बारावीनंतर मुलगी पुण्याला हॉस्टेलवर जाणार असेल तर हे सगळं सोडा आणि लॅपटॉप घ्या. तिथे असेम्बल्डचा प्रश्नच येत नाही. फक्त रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे का ते विचारा. असेल तर घेतानाच १६ ची घ्या, पुढे ती वाढवायला मी काय, कंपनीचा माणूसही उपयोगाचा नाही.