नाना रात्री वेळ का विचारतात

मावशी,

आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. माझे वडील, नाना, ८१ वर्षांचे. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, यकृतात पसरलाय. दोन केमो झाल्या, त्या सोसल्या नाहीत. गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, आता केमोचा उपयोग नाही, त्रास कमी करणारी पॅलिएटिव्ह केअर घ्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या आणि तेव्हापासून घरात शांतता नाही. बंगळूरचा दादा म्हणतो, तुम्ही हात टेकलेत. नानांना मुंबईला टाटात न्या, नाहीतर इथेच आयसीयूत ठेवा. पैसे द्यायला तयार आहे, यायला मात्र वेळ नाही. आईला आम्ही अल्सर सांगितलाय, ती दोन्ही वेळा नानांना बळेबळे भरवते. मॉर्फिन मी आणून ठेवलंय, पण सुरू केलेलं नाही. त्याची सवय लागते आणि ते सुरू झालं की शेवटच, असं सगळे म्हणतात. दुखण्यावर मॉर्फिनहून सौम्य ट्रॅमाडॉल चालू आहे, सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. नाना तसे शांत असतात, स्वभावच सोशिक. फक्त रात्री तीननंतर सारखं किती वाजले विचारतात, जरा भ्रम झाल्यासारखं. नोकरी सोडून मी त्यांचं सगळं करते आणि वर भावाची बोलणी खाते. पॅलिएटिव्ह केअर घेणं म्हणजे नानांना मरणाच्या हवाली करणं आहे का? भावाला काय उत्तर देऊ?

राजेंद्रनगरची एक लेक

अगं लेकी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. भावाबद्दल बरंच आहे, आईबद्दल आहे, तुझ्याबद्दल आहे. नानांना आज काय होतंय यावर एकच वाक्य, आणि ते सुरू होतं 'फक्त'ने. फक्त रात्री तीननंतर सारखं किती वाजले विचारतात.

दहाला गोळी देतेस, पुढची सहाला. ट्रॅमाडॉलच्या साध्या गोळीचा जोर चार-सहा तास टिकतो. म्हणजे दोन-तीनच्या सुमाराला तो उतरतो. तीन ते सहा तुझे वडील अंधारात पडून सहा वाजायची वाट पाहतात. गोळी मागायची नाही, लेकीची झोप मोडायची नाही, कण्हायचं नाही, म्हणून वेळ विचारतात. वेळ विचारण्यात कुणाला काही वाटत नाही ना.

मी डॉक्टर नाही. या आजारात खरोखरचा भ्रमही होतो, त्याची कारणं डॉक्टरीणबाई शोधतील. पण हे मी ओळखलं, कारण पूर्वी एकदा मला ते ओळखता आलं नव्हतं.

आमची अक्का १९९४ साली गेली. स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरला होता. पहाटे ती विचारायची, "दूधवाला आला का गं?" एकदा, दोनदा, दहादा. मी वैतागून म्हणायचे, येईल की, दूध काय पळून जातंय? दूधवाला यायचा पाचला आणि कंपाउंडर इंजेक्शन द्यायला यायचा सातला. दूधवाला आला म्हणजे आता दोनच तास उरले, असा तिचा हिशेब होता. तिला दुधाशी काही देणंघेणं नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं ती गेल्यावर महिन्याभराने, एका पहाटे पातेलं घेऊन दारात उभी असताना. ते पातेलं अजून माझ्याकडे आहे.

तेव्हा आमच्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या या शहरात मिळाल्या नाहीत. आणि हे कुठे, तर माळव्यात! मंदसौर-नीमचकडे माघात गेलीस तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना अफूची पांढरी फुलं दिसतात. डोड्यांना चीरा देऊन निघालेला चीक सरकार मोजून घेतं, नीमचच्या सरकारी कारखान्यात त्यातून मॉर्फिनसारखी औषधी द्रव्यं काढतात. तिथून इंदूर काही तासांचं, आणि अक्का तळमळत गेली. कारण होता १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा. एका औषधाला इतके परवाने लागत, की इस्पितळं ते ठेवायलाच धजत नसत. २०१४ साली कायदा बदलला, मान्यता मिळालेल्या इस्पितळांना ते ठेवणं सोपं झालं. इतक्या वर्षांनी ते औषध तुझ्या घरापर्यंत आलं आणि तू ते कपाटात ठेवलंस.

तू नोकरी सोडलीस, रात्री जागतेस, हे मला दिसतंय. त्याबद्दल तुझी पाठ थोपटायला माझा हात आज उठत नाही. गोळ्या कपाटात आहेत, नाना पलंगावर आहेत आणि या दोघांच्या मधे दादा उभा नाही. तो बंगळूरला आहे. मधे तू उभी आहेस.

सवयीची भीती घालणाऱ्यांना सांग, नशा करणारा औषध घेतो ते जगापासून सुटायला आणि कॅन्सरचा रोगी घेतो ते उठून बसता यावं, चार शब्द बोलता यावेत म्हणून. वेदनेसाठी डॉक्टरच्या देखरेखीखाली मॉर्फिन घेणाऱ्यांना व्यसन क्वचितच लागतं. शरीर त्याला सरावतं हे खरं, म्हणून एकदम बंद करत नाहीत, कमी करत आणतात. आणि 'ते सुरू झालं की शेवटच' हे लोकांना वाटतं, कारण आपल्याकडे ते सुरूच करतात शेवटच्या दोन दिवसांत. मग माणूस गेला की खापर औषधावर. थोड्या मात्रेने सुरू करून, दुखणं बघत हळूहळू वाढवलं, तर ते माणसाला मारत नाही. पोट मात्र बहुतेक सगळ्यांचं बांधतं, म्हणून पहिल्या दिवसापासून सोबत रेचक हवंच. लिहून दिलं नसेल तर मागून घे. मळमळ, गुंगी सुरुवातीचे काही दिवस राहते. नाना पहिले दोन दिवस खूप झोपले तर घाबरून जाऊ नकोस, कितीतरी रात्रींची झोप राहिलेली आहे. हाक मारून, हलवून जागेच झाले नाहीत किंवा श्वास फार मंद वाटला, तर मात्र तत्क्षणी फोन कर.

सिसिली साँडर्स नावाची एक बाई लंडनमध्ये होऊन गेली. आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि रोग्यांचं दुखणं कुणी मनावर घेत नाही म्हणून पुढे डॉक्टर झाली. १९६७ साली तिने सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रोग्यांची काळजी घेणारं ठिकाण, काढलं; आजचं हॉस्पिस म्हणतात ते तिथून सुरू झालं. तिचा आग्रह एका साध्या गोष्टीवर होता. रोग्याने मागेपर्यंत थांबायचं नाही. आधीच्या गोळीचा जोर उतरण्यापूर्वी पुढची पोटात गेली पाहिजे. म्हणून मॉर्फिनची साधी गोळी सहसा दर चार तासांनी देतात, दुखत असो वा नसो. मधेच कळ आली तर जादा मात्रा वेगळी लिहून देतात. घड्याळ बघायचं काम तुझं. नानांना वेळ विचारायची पाळी येता कामा नये.

हॉस्पिस आणि पॅलिएटिव्ह केअर यांचा तुझ्या घरात घोळ झालाय असं दिसतं. पॅलिएटिव्ह म्हणजे त्रास हलका करणारे उपचार, वेदना, दम, उलटी, झोप, घरच्यांची घालमेल, सगळं त्यात आलं. ते आजार कळला त्या दिवसापासून, केमोच्या बरोबरीनेही घेता येतात. हॉस्पिस त्यातलाच शेवटचा टप्पा, रोग बरा करायचे उपचार थांबल्यावरचा. मुंबईचं शांती आवेदना सदन १९८६ पासून तेच काम करतंय. पण त्यासाठी वेगळ्या इमारतीत जावं लागतं असं नाही. राजेंद्रनगरच्या तुझ्या घरात, नानांच्या पलंगापाशी ते होऊ शकतं.

भावाला माझ्याकडून एवढंच सांग, की तो ज्या टाटाचं नाव घेतोय तिथेही पॅलिएटिव्ह विभाग आहे, आणि ते लोक मुंबईत रोग्यांच्या घरीही जातात. बोस्टनच्या डॉक्टरांनी २०१० साली एक अभ्यास छापला. पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरचे १५१ रोगी. अर्ध्यांना नेहमीचे उपचार, अर्ध्यांना त्यांच्या जोडीला सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर. दुसरा गट साधारण ११.६ महिने जगला, पहिला ८.९. शेवटी आक्रमक उपचार कमी घेऊनसुद्धा. नानांचा आजार वेगळा आहे आणि त्यांना हे उशिरा मिळतंय, त्यामुळे महिन्यांचं वचन मी देत नाही. पण 'हात टेकले' हे बोलणं तेवढ्यावर बंद होईल. नाही झालं तर त्याला म्हण, ये आणि एक रात्र नानांजवळ बस. तीनला ते त्यालाही वेळ विचारतील.

आयसीयूत जायचं का, हे दादाने किंवा तू ठरवायचंच नाही. दुखणं उतरलं की नानांना विचार. शेवटी कुठे राहायचंय, नळ्या हव्यात की नकोत, हे माणसाला आधी लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ते मान्य केलं, २०२३ साली पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी पुरे. दुखत असताना मात्र हा विषय काढू नकोस. वेदनेत माणूस कशालाही हो म्हणतो.

आईचं म्हणशील, तर तिला सांगून टाक. इतक्या वर्षांच्या संसारानंतर तिला कळलं नसेल हे मला पटत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून ती अल्सर अल्सर म्हणतेय. आणि ते भरवणं थांबवायला सांग. या अवस्थेत शरीरच अन्न मागत नाही. घास कोंबून ताकद येत नाही, पोट तेवढं फुगतं. आईला त्यांचे ओठ ओले करू दे, दोन चमचे मागतील ते देऊ दे, पाय चेपू दे. तिच्या हातांना काम हवंय, म्हणून ती भरवते.

आता आज रात्रीचं ऐक.

तीनला नाना वेळ विचारतील. वेळ सांगू नकोस. दिवा लाव, पलंगावर बस. ते कसे आहेत ते आधी नीट बघ. स्वादुपिंडाचं दुखणं पोटातून आरपार पाठीत जातं, उताणं झोपवत नाही, पुढे वाकून बसलं की किंचित बरं वाटतं. नाना पोटाशी उशी घेऊन बसलेले असतील तर मला जे म्हणायचंय ते तुला तिथेच दिसेल. मग विचार. 'दुखतंय का' असं विचारू नकोस. त्या पिढीचा माणूस 'नाही गं, ठीक आहे' म्हणणार आणि तू परत झोपायला जाणार. विचार, "नाना, सोळा आण्यांतलं किती आणे दुखतंय?" शाळेत त्यांनी आण्यांत हिशेब केलेत. याचं उत्तर ते खोटं देणार नाहीत.

जो आकडा सांगतील तो वहीत लिही, वेळेसकट. कुठे दुखतं, कसं दुखतं, तेही लिही. सकाळी डॉक्टरीणबाईंना फोन करून ते वाचून दाखव आणि गोळ्या अजून सुरू केल्या नाहीत हेही कबूल कर. त्या रागावल्या तर रागावू देत. मात्रा तीच ठेवायची का, ट्रॅमाडॉल बंद करायची का, रात्रीची मात्रा कशी द्यायची, हे त्यांना विचार, मनाने काही करू नकोस. यकृतात रोग असला की हिशेब बदलतो. आणखी एक विचारून ठेव. पोटातल्या नसांच्या जाळ्याजवळ इंजेक्शन देऊन या आजाराच्या कळा कमी करता येतात, ते नानांना झेपेल का? मग त्या म्हणतील तशी पहिली गोळी उद्याच दे. दादाच्या होकारासाठी थांबू नकोस.

आणि मला परत लिही. भावाबद्दल नको. आज रात्री नाना किती आणे म्हणाले आणि आठ दिवसांनी किती म्हणाले, एवढंच कळव.

तुझी,
मावशी