वय ७१, गुडघे दुखतात, पेरणी तोंडावर आली, तरी वडील पायी वारीला निघालेत. कसं थांबवू?

थांबवू नका. एवढंच उत्तर हवं असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल, पुढं माझंच रडगाणं आहे.

वर थोडक्यात दिलाय, पण तुमच्या मूळ प्रश्नात गुडघ्यांना एक ओळ आहे आणि शेताला चार. त्यावरून काळजी कशाची आहे ते कळलं. राग मानू नका, २०१५ साली मीही काळजी गुडघ्यांचीच सांगितली होती.

आमचं गाव गंगाखेडच्या खालच्या अंगाला, गोदाकाठी. आम्ही तिला गंगाच म्हणतो. दादांची (वडिलांची) आठ एकर काळी, त्यातली दोन एकर चिबड, म्हणजे पाणी धरून ठेवणारी. गळ्यातली माळ आजोबांच्या हातची. बहात्तरच्या दुष्काळात दादा पंचविशीत होते, नवं लग्न झालेलं. रस्त्याच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरी खाल्ल्या. "पण एकादशी मोडली नाही," असं ते मोठ्या तोऱ्यात सांगायचे. त्यावर चुलीपुढून माय म्हणायची, "त्या साली रोजच एकादशी होती, मोडता कशी?"

१९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा गावानं भाकरी गोळा करून ट्रक पाठवला, त्यात दादा गेले. नवव्या दिवशी आले. काय बघितलं ते कधी बोलले नाहीत. फक्त हातपाय धुतले, शिडी लावली आणि आमच्या माळवदावरची माती उतरवायला लागले. तिकडं माणसं दगडी भिंती आणि धाब्याच्या मातीखालीच गेली होती. आमच्या घरावर तीन पिढ्यांची माती, दर पावसाळ्याआधी नवा थर टाकायची रीत. दोन दिवस टोपली टोपली करून त्यांनी निम्मी उतरवली. पुढच्या पावसात घर गळलं, ते वेगळं.

आता खरी गोष्ट. मी तिसरीत होतो. श्रावणात पल्याडच्या गावी सप्ताह बसला होता आणि दादांचा विण्याचा पहारा रात्री बारा ते दोन. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत हे तुम्हाला सांगायला नको. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, सात दिवस. त्या दिवशी वरून पाणी सोडलेलं, गंगा दोन्ही थड्या भरून चालली होती, नाव बंद. पुलावरून फिरून जायचं तर रात्री गाडी कुठली? दादांनी काय करावं, तर गुऱ्हाळातली गुळाची काहिल, म्हणजे रस आटवायची भली मोठी कढई, काढली. एका भोयाला उठवलं आणि दोघांनी ती डोक्यावर घेऊन नदीवर आणली. कंदील माझ्या हातात.

काहिलीत कधी बसला नसाल तर सांगतो. तिला नाक नाही, शेपूट नाही. नुसती गरगर फिरते. दोघांनी समोरासमोर बसायचं, एक हलला की दुसऱ्यानं हलायचं, आणि वल्ह्यानं तिला फिरू न देता नेटायचं. दादांनी धोतराचा काचा मारला, टोपी काढून बंडीच्या खिशात घातली आणि टाळ कमरेला बांधले. नदीकाठचा माणूस, पण पोहणं बेताचंच. माय काठावरून ओरडली, "आवं, इठ्ठलाला पवता येतं, तुमाला येतं का?" कंदिलाच्या उजेडात मला काहिलीचा काळा कड दोनदा दिसला, मग नुसता टाळांचा किणकिणाट, मग तोही नाही. अर्धा कोस खाली वाहत जाऊन ते पल्याड लागले. हे आम्हाला कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी, पुलाकडून एसटीनं ते आले तेव्हा. रुमालात बुंदी बांधून आणली होती. मायनं बुंदी खाल्ली, पण चार दिवस बोलली नाही.

मोठा झाल्यावर मी एकदा विचारलं, देवासाठी एवढं? तर म्हणाले, "देवाचं काय घेऊन बसलास. माझ्या आधी सत्तरीचं म्हातारं उभं होतं. मी गेलो नसतो तर ते दोनपर्यंत उभंच राहिलं असतं." बस, एवढाच हिशोब.

माझे चुलते आयुष्यभर म्हणत आले, दादांच्या दहाव्यालाही म्हणाले, की टाळ कुटण्यात घर मागं राहिलं. काका, तुमच्या नातवानं हे वाचून दाखवलं तर ऐका. दादांचं रान वारीच्या दिवसांत कधी पडीक किंवा तणात राहिलं नाही, कारण गावात सावड होती. वारीला जाणाऱ्यांची कोळपणी मागं राहिलेले करायचे. हे वारीहून परतले की पहिले पंधरा दिवस त्यांच्या रानात राबायचे, मग आपल्या. वहीत सगळं लिहिलेलं आहे, कोणाचे किती औत, कोणाचे किती माणूस. दोन एकर विकली ती वारीपायी विकली नाही. तुमच्या बोअरला जामीन राहिल्यामुळं विकली. बोअर कोरडी गेली यात तुमची चूक नाही, पण नाव पांडुरंगाचं घेऊ नका.

तर २०१५. त्या साली आषाढ अधिक होता, त्यामुळं एकादशी थेट २७ जुलैला. जूनमध्ये थोडा पडला, सगळ्यांनी पेरलं आणि मग पावसानं जी ओढ दिली ती दिलीच. दिंडी निघायच्या आठवड्यात सोयाबीन दुपारी माना टाकत होतं. मी परभणीला नोकरीला, बियाण्याचे पैसे माझे, त्यामुळं आवाजही माझाच मोठा. दादा पडशी भरत होते. आधी मी गुडघे काढले, मग वय काढलं, आणि शेवटी जे बोलायचं होतं ते बोललो, "दुबार पेरायला काय पांडुरंग येणार आहे का?"

भांडले असते तर बरं झालं असतं. "बरं," म्हणाले आणि पडशी खुंटीला लावली. दिंडीत वीणा तेच धरायचे. ती दुसऱ्या कोणाकडं तरी गेली.

पुढचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणायचे, "आज परळी." दोन दिवसांनी, "आज अंबाजोगाई." मग कळंब. मग बारशी. कोणाला उद्देशून नाही. माय आतून म्हणायची, "जेवा आता." कुर्डुवाडीपर्यंत मी घरी होतो, मग रजा संपली म्हणून निघून गेलो. खरं सांगायचं तर पळालो.

आणि पाऊस काही आला नाही. दुबार पेरणी झालीच नाही. ज्या कामासाठी मी त्यांना अडवलं ते कामच निघालं नाही.

एप्रिल २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, आठवत असेल. टीव्हीवर टँकरांची गाडी दाखवत होते. दादा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "मिरजेहून म्हणजे पंढरपुरावरूनच आली आसंल गाडी." रूळ खरंच तिकडूनच आहेत, मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बारशी, लातूर. टोमणा होता की नुसतं बोलले, मला आजही ठरवता आलेलं नाही. मी चॅनेल बदललं.

त्या साली मीच म्हणालो, जा. नवी पडशी आणून दिली. म्हणाले, "आता कुठं जमतंय." पुन्हा गेलेच नाहीत. २०१९ च्या हिवाळ्यात गेले, घरीच, झोपेत.

हे सगळं वाचून उद्याच वडिलांना रस्त्याला लावू नका. आधी विचारायला हवं होतं, ते आता विचारतो. साखर आहे का? बीपी आहे का? छातीत कधी कळ आली होती का? असेल तर डॉक्टरला दाखवल्याशिवाय सोडू नका, आणि डॉक्टर नको म्हणाला तर माझं वरचं सगळं विसरा. नुसते गुडघे असतील तर दिंडीच्या टेंपोत अर्धी वाट बसून जाता येतं, त्यात कमीपणा नाही. मात्र हे तुम्ही सांगू नका, विणेकऱ्याकडून सांगवा. तुमचं ऐकणार नाहीत, त्याचं ऐकतील.

गोळ्या वीस दिवसांच्या द्या, पंधरा नव्हे. दिंडी चालकाचा आणि टेंपोवाल्याचा, दोघांचे नंबर घ्या. वडिलांचा फोन तिसऱ्या दिवशी बंद पडतो, चार्जिंगला रांग असते. आणि हौसेनं नवी चप्पल घेऊन देऊ नका, परळीच्या आतच पाय फोडते. जुनीचा अंगठा शिवून द्या.

शेताचं म्हणाल तर वडील निघायच्या आधी गावात कोण कोण मागं राहतंय ते त्यांनाच विचारा. सावड आता आमच्याकडंही उरलेली नाही, पण पैसे देऊन औत मिळतं. फार तर चार दिवस रजा काढून तुम्हीच कोळपं धरा.