40 टक्क्यांचं प्रमाणपत्र नाही, म्हणून शाळा सोडायची?

प्रश्न: माझी मुलगी 7 वर्षांची आहे, दुसरीत शिकते. दोन वर्षांपासून तिला बालसंधिवात आहे. सकाळी गुडघे आणि बोटं इतकी आखडलेली असतात की आवरण्यातच तास जातो. शाळेत उशिरा पोचली की तिला वर्गाबाहेर उभं करतात. लिहायला वेळ लागतो, खाडेही होतात. सवलत मागितली तर शाळा 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मागते. वैद्यकीय मंडळाने 20 टक्केच दिले. आता मुख्याध्यापिका म्हणतात, झेपत नसेल तर दाखला काढून न्या.

उत्तर: ताई, दाखल्यासाठी अर्ज मुळीच करू नका. तुमची सही झाली की कागदोपत्री मुलीला तुम्हीच काढलंत असं होतं, आणि मग भांडायला फारसं काही उरत नाही. शिक्षणहक्क कायदा, 2009 नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत शाळा मुलाला काढून टाकू शकत नाही. म्हणूनच ‘तुम्हीच न्या’ असं तोंडी सुचवलं जातं. (शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर हा कायदा लागू होत नाही, पुढे सांगतो तो 2016 चा कायदा मात्र लागू राहतो.)

आता त्या 40 टक्क्यांबद्दल. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये ही अट आहे, पण ती आरक्षण किंवा 6 ते 18 वयातलं मोफत शिक्षण अशा ठरावीक लाभांसाठी. ‘दिव्यांग व्यक्ती’ची मूळ व्याख्या त्याहून मोठी आहे. दीर्घकाळच्या शारीरिक त्रासामुळे आणि भोवतालच्या अडथळ्यांमुळे जिला इतरांच्या बरोबरीने सहभागी होता येत नाही, ती व्यक्ती या व्याख्येत येते. तिथे टक्के नाहीत. शाळेत गरजेप्रमाणे वाजवी सोय मिळण्याचा हक्क या मोठ्या व्याख्येशी जोडलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विकाश कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात हेच सांगितलं. लिहिताना हात आखडणाऱ्या त्या उमेदवाराला 40 टक्के नाहीत म्हणून लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने तो नकार चुकीचा ठरवला.

बालसंधिवात कधी उसळतो, कधी निवतो. तपासणीच्या दिवशी मुलगी बरी असेल तर टक्के कमी येणारच. मंडळाच्या निर्णयाविरुद्ध अपील करता येतं, ते जरूर करा. पण त्याच्या निकालासाठी थांबू नका.

तुमचं खरं बळ डॉक्टरांच्या पत्रात आहे. नुसतं आजाराचं नाव लिहिलेली चिठ्ठी पुरत नाही. सकाळी सांधे किती वेळ आखडलेले असतात, किती वेळ सलग बसता किंवा लिहिता येतं, आजार उसळला की काय होतं, हे सगळं त्यात हवं. डोळ्यांच्या तपासणीचाही उल्लेख करून घ्या. या आजारात डोळ्याच्या आत कसलीच तक्रार नसताना सूज येऊ शकते, म्हणून ठरावीक काळाने तपासणी करावीच लागते. बाहेरून डोळे ठीक दिसतात, त्यामुळे शाळेला ती सुट्टी विनाकारण वाटते.

या पत्रावरून मुख्याध्यापिकांना अर्ज लिहा आणि मागण्या नेमक्या करा: सकाळी उशीर झाला तरी वर्गात घेणं, जमिनीऐवजी खुर्ची, मधूनमधून उठून फिरण्याची मुभा, पुस्तकांचा एक संच शाळेत, परीक्षेत जादा वेळ किंवा तोंडी उत्तरं, आजारपणाचे खाडे वैद्यकीय रजेत धरणं.

वर्गाबाहेर उभं करण्याबद्दल वेगळा परिच्छेद लिहा. ते वाचून मला फार वाईट वाटलं. ज्या पोरीचे गुडघे सुजलेत तिला सुजलेल्या गुडघ्यांचीच शिक्षा! शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने बंदी आहे. कोणत्या दिवशी किती वेळ उभं केलं, ते आजपासून वहीत टिपून ठेवा.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर तोच अर्ज शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे पाठवा. आयुक्तांकडे जायला वकील लागत नाही. त्यांनी शिफारस केली की संबंधित यंत्रणेला कार्यवाही करून तीन महिन्यांत त्यांना कळवावं लागतं.

अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. पोच द्यायला नकार दिला तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती त्या वहीतच चिकटवा.