यंत्रशंका : बूम मध्येच थांबते, दोष पंपाचा की वायरचा?

प्रश्न : गोठ्यातील शेण भरण्यासाठी आम्ही गेल्या वर्षी एक जुना स्किड स्टिअर लोडर (पुढे बकेट असलेले छोटे भरणी यंत्र) घेतला. सकाळी सुरू केल्यावर तासभर तो उत्तम चालतो. नंतर बूम (बकेट उचलणारे हात) आणि बकेट अचानक बंद पडतात, चाके मात्र चालत राहतात. यंत्र निवू दिले की पुन्हा सारे सुरळीत होते. मिस्त्रींनी लॉक व्हॉल्व्हच्या (बूमची हालचाल रोखणाऱ्या व्हॉल्व्हच्या) कॉइलचा कनेक्टर काढून त्यात मीटर लावला, तेव्हा १२.४ व्होल्ट दिसले. म्हणून वीज ठीक आहे, पंपच गेला आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. तोवर काम अडू नये म्हणून सीट बारचा (चालकापुढच्या सुरक्षा-दांड्याचा) स्विच वगळून वायर डायरेक्ट करून देतो, असेही ते सुचवतात. काय करावे? (एक वाचक, संगमनेर तालुका)

उत्तर : पंपाला तूर्त हात लावू नये. झिजलेला पंप असा झटक्यात बंद पडत नाही. ऑईल तापून पातळ झाले की बूम आधी संथ होते, मग भरलेली बकेट उचलताना अडते आणि इंजिनाचा वेग वाढवला की थोडी जोर धरते. आपल्या यंत्रात बूम आणि बकेट एकाच क्षणी थांबतात, चाके चालूच राहतात आणि यंत्र निवल्यावर पूर्ण ताकद परत येते. ही लक्षणे लॉक व्हॉल्व्हकडे आणि त्याला मिळणाऱ्या विजेकडे बोट दाखवतात.

या यंत्रांत चालक सीटवर बसला आहे आणि सीट बार खाली आहे, याची खात्री स्विच किंवा सेन्सरमार्फत झाल्यावरच लॉक व्हॉल्व्हच्या कॉइलला करंट मिळतो. कॉइलचे चुंबकत्व आतला स्पूल (ऑईलची वाट उघडणारा दांडा) ओढते आणि बूम व बकेटची हालचाल मोकळी होते. करंट गेला की स्प्रिंग स्पूलला मागे ढकलते आणि बूम आहे त्या जागी कुलूपबंद होते. रचना मुद्दामच अशी आहे की वीज तुटली तर यंत्राने थांबावे. त्यामुळे एखादा गंजलेला सांधाही पंप बंद पडल्याचा आभास निर्माण करू शकतो.

आता त्या १२.४ व्होल्टविषयी. मिस्त्रींचा मीटर खोटे बोलला नाही, पण त्याला प्रश्नच चुकीचा विचारला गेला. डिजिटल मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, म्हणून कनेक्टर मोकळा असताना गंजलेल्या सांध्यापलीकडेही बॅटरीइतकाच विजेचा दाब (व्होल्टेज) दिसतो. उदाहरणादाखल कॉइल ८ ओहमची धरू. सांधे स्वच्छ असतील तर तिच्यातून साधारण दीड अँपिअर करंट जाईल. वाटेत कुठे २ ओहमचा गंज असेल, तर कनेक्टर जोडताच कॉइलवर ९.९ व्होल्टच उरतात. १२ व्होल्टच्या व्हॉल्व्हला स्पूल खात्रीने ओढण्यासाठी सामान्यतः ८५ टक्के, म्हणजे १०.२ व्होल्ट तरी लागतात. त्यातच तांबे तापले की त्याचा रोध वाढतो. २५ अंशांवर ८ ओहमची कॉइल १०० अंशांवर सुमारे १०.३ ओहमची होते, आणि गंजाचे २ ओहम धरून दीडऐवजी एकच अँपिअर करंट उरतो.

मग पहिला तासभर यंत्र चालते कसे, ही शंका रास्त आहे. इंजिन सुरू असताना आल्टरनेटरमुळे दाब १४ व्होल्टच्या आसपास असतो, कॉइल थंड असते, त्यामुळे स्पूल कसाबसा ओढला जातो. एकदा ओढलेला स्पूल कमी करंटवरही धरून राहतो. पण खड्ड्यातून जाताना धक्क्याने सांधा क्षणभर तुटला किंवा चालकाने बार वर करून पुन्हा खाली घेतला, की स्पूल सुटतो, आणि तापलेल्या कॉइलला तो पुन्हा ओढता येत नाही.

म्हणून तपासणी दोष हजर असतानाच करावी, यंत्र निवल्यावर नव्हे. बकेट जमिनीवर टेकवून इंजिन बंद करावे, बार खाली घेऊन चावी ऑन करावी आणि कॉइलच्या नटाजवळ स्क्रू ड्रायव्हरचे लोखंडी टोक न्यावे. (काही यंत्रांत एक बटणही दाबावे लागते.) जोरदार ओढ जाणवली, तर वीज पोहोचते आहे आणि स्पूल कचऱ्याने अडकला असण्याची शक्यता आहे. ओढ नसेल किंवा अगदी क्षीण असेल, तर कनेक्टर न काढता त्याच्या मागच्या बाजूने बारीक पिन घालून मोजावे. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून कॉइलच्या पॉझिटिव्हपर्यंत आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून कॉइलच्या निगेटिव्हपर्यंत, अशी ही दोन मापे होत. दोन्हीकडे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसू नये. ज्या बाजूला तो दिसेल त्या बाजूचा फ्यूज, रिले, स्विच आणि सांधे एकेक करून याच रीतीने मोजत जावे. दोन्ही मापे चांगली असूनही ओढ नसेल, तर कनेक्टर काढून गरम कॉइलचाच रोध मोजावा. तापल्यावर आतून तुटणाऱ्या कॉइलही असतात. यंत्र इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरचे असेल तर बल्बचा टेस्टर वापरू नये, कारण त्याचा करंट कंट्रोलरला झेपेलच असे नाही.

माझा पहिला संशय अर्थिंगच्या, म्हणजे निगेटिव्हच्या बाजूवर आहे, आणि त्याला कारण आपला गोठा आहे. शेण व मूत्रातून सुटणारा अमोनिया तांबे आणि पितळ खातो. वरून साबूत दिसणाऱ्या वायरचे आवरण सोलले की आत काळी पडलेली तार किंवा हिरवट-निळी भुकटी निघते. बॉडी अर्थचा लग (वायरच्या टोकाची, बोल्टने बसवलेली कडी) खोलून त्याखालचा रंग व गंज चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासावा. दुसरा संशय सीट बारच्या बिजागरीपाशी वाकणाऱ्या वायरवर आहे. ती हलकेच ओढून पाहावी. रबरासारखी ताणली गेली तर आतली तार तुटलेली आहे असे समजावे. खराब वायर लखलखीत तांबे लागेपर्यंत मागे कापावी, क्रिंप करून (धातूच्या नळीत दाबून) जोडावी आणि वर गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवावी. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड गोठ्यात फार काळ टिकणार नाही. यंत्र धुताना प्रेशर वॉशरचा फवारा कनेक्टरवर मारू नये, हेही चालकाला बजावावे.

सीट बारचा स्विच डायरेक्ट करण्याचा सल्ला मात्र कृपया मानू नये. या यंत्रात चालकाला बूमच्या दोन हातांमधून चढावे-उतरावे लागते. अमेरिकेतील नायॉश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने १९९८ मध्ये याच यंत्रांवर स्वतंत्र इशारापत्र काढले. बूम किंवा बकेट आणि यंत्राचा सांगाडा यांच्यामध्ये चिरडून झालेले मृत्यू हा त्यातला मुख्य विषय होता. स्विच बिघडल्याचा संशय असेल तर त्याच्या अलीकडचा व पलीकडचा दाब मोजावा. त्यासाठी तो वगळण्याची गरज नाही.

प्रश्न : आमच्या लोडरचा १० अँपिअरचा फ्यूज बूम वर गेली की उडतो, खाली असताना कधीच नाही. ३० अँपिअरचा घालून चालेल का? (एक वाचक, चाकण)

उत्तर : मुळीच नाही. ३० अँपिअरचा फ्यूज टिकेल आणि त्याच्याऐवजी हार्नेस (वायरींचा जुडगा) जळेल, तोही ऑईलच्या होजशेजारी. बूम उचलल्यावरच फ्यूज उडतो, याचा अर्थ बिजागरीजवळ वायर ताणली जाऊन घासलेल्या जागी लोखंडाला टेकते आहे. फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडावा. बूम वर नेऊन ती खाली येऊ न देणारे तिचे आधार-कुलूप लावावे, इंजिन बंद करावे आणि चावी ऑन ठेवून हार्नेस हाताने थोडा थोडा हलवावा. शॉर्ट लागला की बल्ब पूर्ण तेजाने पेटेल, सुटला की मंद होईल. कॉइलचा कनेक्टर काढताच तेज गेले, तर दोष वायरीत नसून कॉइलमध्ये किंवा तिच्याशी जोडलेल्या डायोडमध्ये आहे. आधार-कुलपाशिवाय उचललेल्या बूमखाली कोणीही जाऊ नये.

प्रश्न : लोडरला फिरता झाडू जोडला तर तो फिरत नाही, बूम मात्र चालते. कॉइल बदलावी का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : आधी दोन साध्या गोष्टी पाहाव्यात. पुष्कळ यंत्रांत इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ऑक्झिलरी हायड्रॉलिकचे (जोडलेल्या अवजाराला ऑईल पुरवणाऱ्या भागाचे) बटण दर वेळी नव्याने दाबावे लागते. दुसरे म्हणजे क्विक कपलर (अवजाराच्या होजचा झटपट जोड) अर्धवट बसलेला असला, तरी ऑईल पुढे जात नाही. दोन्ही ठीक असतील तर वर सांगितलेली स्क्रू ड्रायव्हरची तपासणी ऑक्झिलरीच्या कॉइलवर करावी, आणि ओढ मिळाली नाही तरच पुढचे माप घ्यावे.