स्टायनर शाळा आणि घरची घाई: खानापूरच्या ताईंना उत्तर

ताई, तुमच्या मिस्टरांची नोकरी इथे जर्मनीत, स्टुटगार्टला, मुलगी सात वर्षांची, खानापुरात मराठी माध्यमाची पहिली झालेली. तिला स्टायनर शाळेत (रुडॉल्फ स्टायनरच्या विचारांवर चालणारी, वॉल्डॉर्फही म्हणतात ती) घालावं का, आणि तिथे दुसरीपर्यंत धड वाचायलाही शिकवत नाहीत हे खरं का, असं विचारलंत. व्हिसा, विमा, पत्त्याची नोंदणी हे सरकारी संकेतस्थळांवर आहे, ते सोडते. एकच कागद सांगते, कारण त्याने आपल्याच भागातली माणसं अडतात. १ नोव्हेंबर २०१४ ला ‘बेळगाव’चं ‘बेळगावी’ झालं. तुमच्या दाखल्यांवर जुनं नाव, मुलीच्या दाखल्यावर नवं. इथल्या कारकुनाला ती दोन वेगळी गावं वाटतात. भाषांतर करून घेताना शपथबद्ध अनुवादकाला दोन्ही नावं एकाच शहराची असल्याची तळटीप घालायला सांगा.

आता शाळा. वाचनाचं ऐकलंत ते अर्धंच खरं. अक्षरं पहिलीतच येतात, पण गोष्टीतून. जर्मनमध्ये राजाला ‘क्योनिग’ म्हणतात. बाई राजाची गोष्ट तोंडी सांगतात, रंगीत खडूने फळ्यावर राजा काढतात, मुलं मेणाच्या ठोकळ्यांनी तो वहीत उतरवतात. दुसऱ्या दिवशी मुलांनी ती गोष्ट परत सांगायची, मग त्या राजाच्या उभं राहण्यातून ‘क’चं रोमन अक्षर निघतं. छापील पाठ्यपुस्तक नसतं, ही वहीच पुस्तक. रोज सकाळी पावणेदोन-दोन तास एकच विषय, असे तीन-चार आठवडे. मग अक्षरं बाजूला ठेवून आकडे सुरू. पालक इथेच घाबरतात, की पोरगी शिकलेलं विसरली. हे विसरणं त्या पद्धतीत धरलेलंच असतं. काही आठवड्यांनी तोच विषय परत निघतो तेव्हा तो पक्का बसतो असा त्यांचा हिशेब. अडखळत का होईना वाचन दुसरीत येतं, बऱ्याच मुलांचं सफाईदार होतं ते तिसरीत.

शिक्षकाचा खरा संयम कुठे लागतो, तर निष्कर्ष त्याच दिवशी न सांगण्यात. सहावीत ध्वनी शिकवतात. लाकडी पेटीवर एक तार ताणलेली असते. घोडी, म्हणजे तारेखालचा सरकता ठोकळा, बरोबर मधोमध सरकवली की सूर वरच्या सप्तकात जातो. मुलं ऐकतात, पुन्हापुन्हा करून बघतात आणि घरी जातात. नियम उद्या, तोही मुलांच्या तोंडून आला तर उत्तम. हे सगळं एका संध्याकाळीत कोण बिघडवतं, तर आपण. जेवताना बाबा लांबी आणि कंपनसंख्येचं सूत्र सांगून मोकळे होतात, आणि सकाळी वर्गात मुलाकडे आश्चर्य उरत नाही, फक्त उत्तर असतं. सातवी-आठवीपासून स्पर्धा परीक्षांच्या क्लासला घालणारी माणसं आपण; आपल्याला हे जमायला फार जड जातं.

विणकामाचंही तसंच. पहिलीत मुलगे-मुली सगळेच विणतात. पुष्कळ ठिकाणी सुयाही मुलंच करतात: गोल काठी सँडपेपरने घासायची, टोक काढायचं, मेण चोळायचं. वीसेक टाके घालून सुरुवात. महिन्याभरात पट्टी चौकोनी न राहता पसरत जाते, कारण ओळ सुरू करताना लोकर सुईच्या वरून मागे गेली की पहिला टाका दोन असल्यासारखा दिसतो आणि मूल दोन्ही विणतं. उपाय म्हणजे प्रत्येक ओळीला टाके मोजणं, आणि सुरुवातीला लोकर खाली ओढून धरणं. घरी आणलेलं विणकाम रात्री गुपचूप उसवून नीट करून देऊ नका, बाईंना ते पहिल्या नजरेत कळतं. जलरंगाचा कागद आधी भिजवून स्पंजने टिपतात. वर पाणी चमकत राहिलं तर रंग तरंगतो, ब्रश धुतला नाही तर तीन रंगांचा चिखल होतो. म्हणून सुरुवातीला नुसता पिवळा. ‘आज पण पिवळाच?’ असं घरून म्हणू नका.

एकटेपणाचं विचारलंत. येतो. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो तेव्हा जास्त येतो. पुढे जाऊ.

जे मला अजून सलतं ते सांगते. पहिली कितीतरी वर्षं गुण नसतात, वर्षाअखेर लेखी वर्णन मिळतं. सुंदर भाषेत. पण मूल गणितात मागे पडलंय हे त्या वर्णनातून हुडकून काढावं लागतं. बहुतेक शाळांत नेहमीच्या अर्थाने मुख्याध्यापक नसतो, कारभार शिक्षक मिळून बघतात, त्यामुळे तक्रार कुणाच्या टेबलावर ठेवायची तेच कळत नाही. वर्गशिक्षक एकच असतो, बहुतेक आठवीपर्यंत. जमलं तर त्यासारखं भाग्य नाही. नाही जमलं तर आठ वर्षं फार लांब असतात. म्हणून प्रवेशाआधी शाळा बघू नका, पुढच्या पहिलीचा शिक्षक कोण ते विचारा. मुलगी दुसरीत जाणार असेल तर आताच्या पहिलीचा. आणि दोन-तीन वर्षांत बेळगावला परतायचं असेल तर या शाळेच्या वाटेला जाऊ नका. तिथे चौथीत कन्नड, इंग्रजी आणि परीक्षा तिची वाट बघत असतील. तेव्हा इथली साधी सरकारी शाळा बरी, तिला फीही नाही.

मराठीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण त्यासाठीच हे पत्र लांबलं. मराठी शाळेसाठी, मराठी पाटीसाठी आपल्याकडे मोर्चे निघतात, आणि इथे त्याच घरांतली पोरं आजीशी फोनवर जर्मनमिश्रित इंग्रजीत बोलतात. कुणी बंदी घातलेली नाही, कुठलंही सरकार आड आलेलं नाही. माझ्या ओळखीतलं एकही घर यातून सुटलेलं नाही, माझंही नाही. कुणाला दोष द्यायचा तेच समजत नाही बघा.

ती शाळा मराठी शिकवणार नाही, पण तिची रीत उसनी घेता येते. मुलीला अक्षरं येतात, तर रोज तोंडी एक गोष्ट सांगा, पुस्तक हातात न धरता. दुसऱ्या दिवशी तिने ती सांगायची, तिसऱ्या दिवशी चार ओळी लिहायच्या. अक्षर विसरली तर चित्रातून परत आणा: ‘न’ म्हणजे नळ, उभा पाइप आणि त्यातून डावीकडे निघालेली तोटी. दुसरीत तिथे आरशातल्यासारखे दोन बाजू जुळणारे आकार काढून घेतात. ठिपक्यांची रांगोळी येत असेल तर पोरगी पहिल्याच आठवड्यात वर्गाच्या पुढे जाईल. कर्नाटकच्या मराठी माध्यमाची दुसरी-तिसरीची पुस्तकं आणि डझनभर दुरेघी वह्या बॅगेत टाका. गोड्या मसाल्याचं वजन थोडं कमी करा हवं तर, तो इथे मिळतो.