टामी न लावता टायर बसतो का?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी पल्सर 150 आहे. मागचा टायर, 100/90-17, पार गुळगुळीत झालाय. मागच्या वेळी दुकानात टायर बदलताना अलॉय रिमच्या कडेला टामीचे, म्हणजे टायर उचकटायच्या लोखंडी पट्टीचे, ओरखडे पडले आणि तिथून हवा झिरपायला लागली. म्हणून आता नवीन ट्युबलेस टायर घरी आणून ठेवलाय. मित्र म्हणतो, वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या केबल टायने टायर आवळला की टामी लागतच नाही. हे घरी जमेल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : जमेल. तुमची ट्युबलेस अलॉय आणि हा मध्यम मापाचा टायर, दोन्ही या पद्धतीला सोयीचे आहेत. कराडला वडिलांच्या टायरच्या दुकानात मी सोळाव्या वर्षापासून बसते. सुरुवातीची दोन वर्षं मला वाटायचं, हे ताकदीचं काम आहे. नंतर कळलं की टायर जोराने चढत नाही, जागेने चढतो.

टायरच्या आतल्या कडेत, म्हणजे बीडमध्ये, पोलादी तारेचं कडं असतं. ते रबरासारखं ताणत नाही. मग ते रिमच्या उंच काठावरून जातं कसं? रिमच्या बरोबर मध्ये खोलगट भाग असतो. बीडची एक बाजू त्या खोलात गेली की समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते आणि ती काठावरून अलगद उतरते. नवशिका माणूस समोर टामी लावून ओढत राहतो आणि इकडे त्याच्याच गुडघ्याखालचं बीड खोलातून वर आलेलं असतं. अलॉयवर ओरखडे पडतात ते यामुळेच. केबल टायने दोन्ही बीड एकमेकांना चिकटतात, त्यामुळे दोन्ही एकदमच खोलात बसतात. टायचा उपयोग एवढाच, पण तो फार मोलाचा आहे.

इलेक्ट्रिकच्या दुकानातून 400 मिमी लांब आणि 7.6 मिमी रुंद टाय आणा. रुंदीकडे लक्ष द्या. 4.8 मिमीचा टाय साधारण 22 किलोचा ताण घेतो, 7.6 मिमीचा 55 किलोच्या आसपास. नव्या टायरच्या भिंती ताठ असतात, बारीक टाय ऐन वेळी तटकन तुटतो. लांबी कमी पडली तर दोन टाय एकात एक ओवा.

खरा घाम निघतो तो जुन्या टायरचं बीड रिमपासून सोडवताना. व्हॉल्व्हमधली पिन काढून हवा पूर्ण घालवा. मग चाक जमिनीवर आडवं ठेवा, दुसऱ्या गाडीच्या साइड स्टँडचा पाय टायरच्या भिंतीवर, रिमच्या अगदी लगत टेकवा आणि ती गाडी हळूहळू त्या बाजूला कलवा. धरायला एक माणूस लागतोच, एकट्याने करू नका. सुताराकडचा सी क्लॅम्प असेल तर तो जास्त बरा. दोन्ही बाजू सुटल्या की रिम आणि टायरच्या मधून टाय ओवून सहा ठिकाणी आवळा, साबणाचं पाणी लावा, एक बाजू खोलात दाबा आणि समोरची उचला.

रिम रिकामी झाली की ते ओरखडे बोटाने चाचपा. धार लागत असेल तर बारीक पॉलिश पेपरने ती मोडा, बीड जिथे टेकतं तिथला जुना रबर आणि माती पुसून काढा. रबरी व्हॉल्व्ह नवाच घाला. किंमत किरकोळ असते आणि जुना व्हॉल्व्ह बुडाशी चिरलेला असला तर सगळी मेहनत वाया जाते.

नवा टायर तासभर उन्हात ठेवा. भिंतीवरचा बाण पुढे जाताना चाक फिरतं त्या दिशेला हवा. बांधण्याआधी एकदा बघा आणि बांधल्यावर पुन्हा बघा. मग आठ टाय सारख्या अंतरावर घाला, टायचं डोकं बाहेर, नक्षीच्या बाजूला ठेवा. एकच टाय पूर्ण आवळू नका, खाटेची नवार ताणतात तसं फिरत फिरत थोडं थोडं ओढा, दोन्ही बीड भिडेपर्यंत. भांडी घासायच्या साबणाचं पाणी भरपूर लावा. तेल किंवा ग्रीस मात्र अजिबात नको, त्याने रबर खराब होतो आणि ब्रेक मारल्यावर टायर रिमवर सरकतो.

चाक जुन्या टायरवर आडवं ठेवा. बांधलेला टायर तिरका धरून एक बाजू खोलात घाला, तिथे गुडघा ठेवा आणि दोन्ही तळहातांनी दोन्हीकडून दाबत समोर जा. शेवटची वीतभर कड अडते. अडली की जोर लावू नका, गुडघ्याखालची बाजू खोलातच आहे ना ते बघा. असेल तर ती कड पचकन आत जाते. वडिलांच्या दुकानात मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा तो आवाज ऐकून हातातली टामी खाली ठेवली होती, ते अजून आठवतं.

टाय डोक्यापाशी कापा आणि डोक्याचं टोक धरून ओढून काढा, म्हणजे डोकं बीडखालून घासत जाणार नाही. काढलेले तुकडे जमिनीवर मांडून मोजा. आठ घातले तर आठच निघायला हवेत. माझ्या हातून एकदा बोटभर पट्टी बीडखाली राहिली. गिऱ्हाईक पाटणपर्यंत जाऊन परत आलं, चाकात निम्मीच हवा होती. तेव्हापासून मोजल्याशिवाय मी पंपाला हात लावत नाही.

आवळलेली बीड लगेच फाकत नाहीत, म्हणून पायपंपाने हवा धरत नाही. नक्षीवरून मधोमध दोर बांधा, त्यात दांडकं घालून पीळ द्या, बीड बाहेर ढकलली जातील. व्हॉल्व्हची पिन काढूनच कॉम्प्रेसरची हवा सोडा. हवा धरायला लागली की दोर सोडा. बीड बसताना दोनदा फट् असा आवाज होतो, बोटं काठाजवळ नकोत. 40 पीएसआयपर्यंत बसलं नाही तर हवा सोडून पुन्हा साबण लावा, त्याच्या वर जाऊ नका. बीडलगतची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली की टायर बसला. मग पिन लावून गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा.

चाक चढवताना दोन्ही बाजूंच्या चेन ॲडजस्टरच्या खुणा सारख्या आल्या पाहिजेत. ॲक्सलचा नट घट्ट आवळा आणि निघण्याआधी ब्रेक दाबून बघा. नव्या टायरवर गुळगुळीत थर असतो, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर तो निसरडा वागतो. तेवढ्यात पाऊस असेल तर कुंभार्ली घाटात शिरू नका, ही माझी कळकळीची विनंती.

प्रश्न : माझी जुनी स्प्लेंडर आहे, तारांची रिम, आत ट्यूब. हीच युक्ती शेतावर वापरता येईल का?
— एक वाचक, जालना जिल्हा

उत्तर : दादा, नका वापरू. ट्यूब आत ठेवून टायर आवळला की ती दोन बीडच्या मध्ये चिमटते आणि वरून काहीच दिसत नाही. शिवाय व्हॉल्व्ह भोकात नेमका आणायला बोट घालायला जागा उरत नाही. काहीजण करतात, पण शेतापासून गाव लांब असताना हा धोका कशाला? तुमच्यासाठी दोन छोट्या टामीच बऱ्या. ट्यूबला पावडर चोळा, ती गोल दिसेल इतपतच हवा भरा, तारांच्या टोकांवरची रबरी पट्टी जागेवर आहे ना ते बघा. टायर व्हॉल्व्हच्या समोरून चढवायला सुरुवात करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. शेवटी व्हॉल्व्ह थोडा आत ढकलून सोडा, म्हणजे त्याच्या बुडाशी बीड अडकलं असेल तर सुटतं. खोलगट भागाचा नियम तुमच्या रिमलाही लागू आहे, टामी चमच्याएवढी असली तरी पुरते.

प्रश्न : ॲक्टिव्हाचा मागचा टायर मी स्वतः बदलू शकते का? घरात बाबांची जुनी चेतकही उभी आहे, तिचंही काम काढायचं आहे.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ॲक्टिव्हाच्या मागे 10 इंची रिम असते. घेर लहान आणि टायर ताठ, त्यामुळे टाय बांधूनही ढील फारशी मिळत नाही. चाक तुम्ही घरी काढा आणि टायर मशीनवर बदलून घ्या. ताई, चेतकचं काम मात्र नक्की घरी करा. तिची रिम दोन भागांची असते, नट काढले की दोन्ही भाग वेगळे होतात आणि टायर हाताने निघतो. टामी नको, टायही नको. फक्त हवा पूर्ण गेली आहे याची व्हॉल्व्हची पिन काढून खात्री करा, मगच त्या नटांना पाना लावा. आत हवा असताना ते सैल केले तर रिमचे भाग उडून तोंडावर येतात.